गोदाचे कोपर, पीआरपी आणि मोजमापाचा आग्रह

कुत्र्याचे लंगडणे कमी झाले की नाही, हे ठरवण्याच्या कामी त्याच्यावर जीव लावणारा माणूस हा सर्वांत कच्चा साक्षीदार असतो. २०१२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताने लंगडणाऱ्या, पण औषधाऐवजी निष्प्रभ गोळी दिलेल्या कुत्र्यांची पाहणी केली होती. पाय टेकताना जमिनीवर किती भार पडतो हे मोजणाऱ्या पट्टीवर सुधारणा दिसत नसतानाही मालकांनी सुमारे ५७ टक्के वेळा ‘फरक पडला’ असा निर्वाळा दिला. तपासणाऱ्या पशुवैद्यांचीही ४० ते ४५ टक्के वेळा अशीच फसगत झाली. आपल्या शहरांत कुत्र्यांच्या सांधेदुखीवर पीआरपी (कुत्र्याच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्स या रक्त गोठवणाऱ्या कणांनी दाट झालेला अर्क) आणि स्टेम सेल (मूळ पेशी) या पुनरुत्पादक, म्हणजे झिजलेले नव्याने घडवू पाहणाऱ्या, उपचारांची चर्चा वाढत असताना ही आकडेवारी प्रत्येक श्वानपालकाने आधी वाचावी, असे मला मनापासून वाटते. माझी गोदा या उपचारातून गेली आहे, तिला त्याचा उपयोगही झाला आहे, आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, मला हे सविस्तर लिहावेसे वाटते.

गोदा ही सहा वर्षांची लॅब्रॅडॉर. नाशिकला आमच्या घरी ती पिल्लू असताना आली. तिचा डावा पुढचा पाय दुखतो हे प्रथम तिच्या पायाने नव्हे, तर डोक्याने सांगितले. कुत्र्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. त्यातला एक दुखू लागला की त्याच्यावरचा भार हलका करण्यासाठी तो पाय जमिनीवर टेकताक्षणी कुत्रे डोके वर उचलते, आणि धडधाकट पाय टेकला की डोके खाली येते. पुष्कळ लोक डोके खाली जाते तोच पाय दुखरा समजतात आणि डॉक्टरांकडे जाऊन भलताच पाय दाखवतात. शिवाय झोपून उठल्यावर पहिली काही पावले अवघडलेली, मग जरा चालल्यावर मोकळी, आणि लांब फेरी झाली की संध्याकाळी पुन्हा अवघडलेली, हा क्रम संधिवाताचा ठळक नमुना आहे. ‘चालायला लागली की बरी होते, म्हणजे फारसे काही नाही’ असा त्याचा अर्थ काढला जातो आणि महिने निघून जातात.

लंगडणे हे लक्षण आहे, आजार नव्हे, ही गोष्ट मी कितीही वेळा सांगायला तयार आहे. खुब्याच्या वाटीतून सटकणारे मांडीचे हाड, गुडघ्यातला तुटलेला अस्थिबंध, लहान जातींमध्ये, विशेषतः पामेरियनमध्ये, जागेवरून सरकणारी गुडघ्याची वाटी, खांद्याच्या स्नायूबंधाची दुखापत, आणि मोठ्या जातींमध्ये हाडाचा कर्करोग, या सगळ्यांचे पहिले दर्शन लंगडण्यातूनच होते. हाडाचा कर्करोग पुढच्या पायात बहुधा मनगटाच्या वर किंवा खांद्याजवळ, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास होतो. पीआरपीत पेशींच्या वाढीला चालना देणारी द्रव्येच असल्यामुळे गाठ असलेल्या जागी ते टोचणे कोणताही जाणता डॉक्टर टाळेल. म्हणून एक्स-रे न काढता, नुसता पाय हलवून पाहून ‘पीआरपी देऊन टाकू’ म्हणणाऱ्या ठिकाणाहून सरळ घरी यावे. अस्थिबंध तुटून गुडघा ढिला झालेला असेल तर तेथेही इंजेक्शनाने काही साधत नाही. आधी तो सांधा शस्त्रक्रियेने स्थिर करावा लागतो, मग बाकीचे.

गोदाच्या बाबतीत एक्स-रेमध्ये कोपराच्या कडेने हाडाची नवी वाढ दिसत होती, पण मूळ कारण दिसत नव्हते. त्यासाठी पुण्याला नेऊन सीटी स्कॅन करावे लागले. कुत्र्याच्या कोपरात तीन हाडे एकमेकांत बसतात: दंडाचे एक आणि खालची दोन. खालच्यांपैकी एका हाडाला आतल्या बाजूने एक छोटा टोकदार भाग असतो. वाढीच्या वयात ही तीन हाडे एकमेकांशी नीट जुळत नसतील तर सगळा ताण त्या टोकावर येतो, ते तडकते आणि कधी त्याचा तुकडाच सुटतो. हा एल्बो डिस्प्लेसियाचा, म्हणजे कोपराच्या सदोष वाढीचा, एक प्रकार, आणि लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड या जातींमध्ये तो आनुवंशिक आहे. खुब्याच्या डिस्प्लेसियाविषयी आता बरेच श्वानपालक ऐकून असतात. कोपराचे नाव मात्र फारसे कोणी काढत नाही. लहान वयात हा तुकडा दुर्बिणीतून काढता येतो. गोदाच्या कोपरात संधिवात स्थिरावलेला असल्यामुळे आता तो काढून फारसे हाती लागणार नाही, असे आमच्या शल्यचिकित्सकांचे मत पडले.

सांध्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि संवेदना नेणाऱ्या नसाही नसतात. त्यामुळे ती झिजली तर त्वचेची जखम भरावी तशी ती भरून येत नाही, आणि झिजत असताना सुरुवातीला दुखतही नाही. दुखते ते नंतर, सांध्याच्या आतल्या अस्तराला सूज आली की. ही सूज कूर्चा आणखी पोखरणारी द्रव्ये सोडते, आणि झीज व सूज यांचे चक्र सुरू राहते. पुनरुत्पादक उपचार हे चक्र मंदावण्याचा प्रयत्न करतात. ‘पुनरुत्पादक’ म्हणताच सांधा नव्याने घडतो अशी समजूत होते. तसे घडत असल्याचे निदान आजारी कुत्र्यांवरच्या अभ्यासांनी दाखवलेले नाही. त्यांनी मोजले ते दुखणे आणि लंगडणे.

पीआरपीची रीत अशी. कुत्र्याचे स्वतःचे रक्त काढायचे, ते गोठू नये म्हणून त्यात द्रव्य मिसळायचे आणि सेंट्रिफ्यूज यंत्रात गरगर फिरवायचे. जड तांबड्या पेशी तळाशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो, आणि त्यातला प्लेटलेट्सनी दाट झालेला भाग उचलून सांध्यात सोडायचा. प्लेटलेट्स केवळ रक्त गोठवत नाहीत. त्यांच्या पोटातल्या सूक्ष्म कणांत दुरुस्तीचे काम सुरू करणारे अनेक घटक साठवलेले असतात. सांध्यात द्यायच्या पीआरपीत तांबड्या पेशी जवळजवळ नसाव्यात आणि पांढऱ्या पेशीही कमीत कमी असाव्यात, कारण त्या दोन्हींमुळे सूज वाढू शकते. येथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: बाजारातल्या पुष्कळशा यंत्रणा माणसाच्या रक्तासाठी बेतलेल्या आहेत. २०१५ मध्ये पाच यंत्रणांतून कुत्र्याचे रक्त फिरवून तुलना केली गेली तेव्हा त्यांतून निघालेल्या पीआरपीत फार मोठी तफावत आढळली. तेव्हा ‘पीआरपी दिले’ एवढ्याने काहीच कळत नाही. मूळ रक्तात प्लेटलेट्स किती होत्या आणि तयार पीआरपीत किती आहेत, हे मोजून सांगणारा दवाखाना शोधावा. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही आकडे लेखी दिले.

आता आपल्याकडचा एक मुद्दा, जो परदेशी माहितीपत्रकांत क्वचितच ठळकपणे येतो. महाराष्ट्रात गोचीड बारमाही आहेत. गोचिडांमुळे होणाऱ्या तापांपैकी एर्लिकियोसिस हा प्लेटलेट्स खाली आणणारा आजार, आणि तो कित्येक कुत्र्यांत महिनोन्‌महिने दबा धरून राहतो. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दर मायक्रोलिटरला सुमारे दोन ते पाच लाख प्लेटलेट्स असतात. या आजारात त्या पार घसरतात. ज्याच्या रक्तातच प्लेटलेट्स नाहीत त्याच्या रक्तातून प्लेटलेट्सनी दाट झालेला अर्क काढणार कसा? आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे हाच आजार स्वतःही सांधे सुजवू शकतो. आज हा पाय, चार दिवसांनी तो पाय, अंगात बारीक ताप, खाण्यावर मन नाही, असे लंगडणे असेल तर आधी रक्ततपासणी आणि गोचीडतापाची चाचणी करावी. त्याचे औषध वेगळे आहे आणि तुलनेने स्वस्त आहे. डॉक्टरांनी गोदाची ही चाचणी मागितली तेव्हा त्यांच्यावरचा माझा विश्वास वाढला.

त्यांच्या सूचनेप्रमाणे इंजेक्शनाच्या आधी काही काळ तिचे सूज कमी करणारे वेदनाशामक थांबवले होते, कारण अशी औषधे प्लेटलेट्सच्या कामात अडथळा आणू शकतात. प्रत्यक्ष इंजेक्शन हलक्या गुंगीत झाले. कोपराचे केस काढले, जागा निर्जंतुक केली, सुई आत गेली, आणि पीआरपी सोडण्यापूर्वी डॉक्टरांनी सांध्यातले थोडे वंगणद्रव्य सिरिंजमध्ये ओढून घेतले. त्याचा एक थेंब त्यांनी सुईच्या टोकावरून हळूच सोडला आणि मला जवळ बोलावले. निरोगी सांध्यातले हे द्रव्य एकतारी पाकासारखे असते. थेंब पडताना मागे बोटभर तार धरते. गोदाचा थेंब पाण्याच्या थेंबासारखा टपकन पडला. एक्स-रेवरच्या पांढऱ्या रेषांनी मला जे उमगले नव्हते ते त्या थेंबाने उमगले. इतक्या पातळ वंगणावर ती माझ्यामागे जिने चढत होती. द्रव्याचा नमुना जंतुसंसर्ग नाही याची खात्री करण्यासाठी प्रयोगशाळेत गेला.

नंतरचे दोन दिवस पाय आधीपेक्षा जास्त दुखला. हे अपेक्षित असते आणि डॉक्टरांनी ते आधीच बजावून सांगितले होते, म्हणून घरात घबराट झाली नाही. कापडात गुंडाळलेला बर्फ, पट्ट्याला धरून फक्त शी-शूपुरते बाहेर नेणे, उड्या आणि जिने पूर्ण बंद. एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगते: अशा वेळी घरातली माणसांची वेदनाशामक गोळी कुत्र्याला देऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये भारतात बंदी आली ती अशा जनावरांचे मांस खाऊन मरणाऱ्या गिधाडांपायी. माणसांचे डायक्लोफिनॅक मात्र प्रत्येक घरच्या डब्यात असते आणि लंगडणाऱ्या कुत्र्याची कणव आली की हात तिकडेच जातो.

उपचाराच्या आधीच मी ठरवले होते की फरक आहे की नाही हे माझ्या डोळ्यांवर सोडायचे नाही. भारमापक पट्टी आपल्याकडे सहजी मिळत नाही. त्यामुळे मी मोबाइलचा आधार घेतला. आमच्या इमारतीच्या वाहनतळावरचा तोच सरळ पट्टा, तीच सकाळची वेळ, गळ्यातला पट्टा सैल, चाल सावकाश. एकदा समोरून, एकदा मागून, एकदा बाजूने, आणि तेच पुन्हा स्लो मोशनमध्ये. अशी चित्रणे इंजेक्शनापूर्वी काही वेळा आणि नंतर ठरावीक अंतराने करून ठेवली. त्यांवरच्या तारखा काढून, क्रम उलटापालटा करून ती दुसऱ्या गावातल्या एका परिचित पशुवैद्याला पाठवली. प्रत्येक चित्रणाला लंगडण्याचे गुण द्यावेत, एवढीच विनंती केली. त्यांनी दिलेले गुण तारखांशी जुळवून पाहिले तेव्हा चित्र स्वच्छ होते: पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू सुधारणा, मग बराच काळ स्थिर, आणि पावसाळा संपता संपता पुन्हा थोडी घसरण. पाय टेकताना डोके वर उचलणे जवळजवळ थांबले होते तो काळही त्यात ओळखू येत होता. मला स्वतःला मात्र इंजेक्शनाच्या दुसऱ्याच आठवड्यात ‘ती अगदी पहिल्यासारखी झाली’ असे वाटले होते, आणि नेमके त्याच आठवड्याच्या चित्रणाला त्या डॉक्टरांनी उपचारापूर्वीच्या चित्रणाइतकेच गुण दिले होते.

हा एका कुत्रीचा अनुभव झाला. अभ्यास काय म्हणतात? २०१३ मध्ये अमेरिकेत वीस कुत्र्यांवर झालेल्या चाचणीत काहींना प्लेटलेट्सचा अर्क आणि काहींना नुसते सलाइन असे एकच इंजेक्शन दिले गेले. बारा आठवड्यांनी अर्क मिळालेल्या कुत्र्यांचे दुखणे आणि लंगडणे कमी झाले होते, आणि पायावरचा भारही मापकावर वाढलेला दिसला. संख्या लहान, काळ थोडा. पण मापकाने मोजलेली सुधारणा म्हणून मी या चाचणीला महत्त्व देते.

स्टेम सेलची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे भूल देऊन कुत्र्याची थोडी चरबी काढतात, तिच्यातून पेशी वेगळ्या करतात, आणि त्या लगेच किंवा प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवून सांध्यात सोडतात. २००७ मध्ये खुब्याचा संधिवात असलेल्या २१ कुत्र्यांवर झालेल्या तुलनात्मक अभ्यासात लंगडणे आणि सांध्याची हालचाल यांत सुधारणा नोंदली गेली. मात्र हा उपचार विकणाऱ्या कंपनीचे लोक त्या अभ्यासात सहभागी होते, हे ध्यानात ठेवावे. २०२२ मध्ये युरोपीय संघाने कुत्र्यांच्या संधिवातासाठी एका स्टेम सेल औषधाला रीतसर परवानगी दिली, आणि त्यातल्या पेशी कुत्र्याच्या नव्हे तर घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या आहेत! दुसऱ्या प्राण्याच्या पेशी चालतात, यावरूनच कळते की या पेशी सांध्यात मुरून कूर्चा बनत नाहीत. त्या थोडा काळ टिकतात आणि त्या काळात सूज आवरणारी द्रव्ये सोडतात. ‘तुमच्या कुत्र्याच्या चरबीतून त्याची नवी कूर्चा’ अशी जाहिरात ज्या दवाखान्यात दिसेल तेथे ‘मग घोड्याच्या पेशी कशा चालतात?’ हा प्रश्न जरूर विचारावा. गोदाला भूल देऊन चरबी काढण्यापेक्षा रक्तावर भागते आहे तोवर रक्तच बरे, असे आम्ही ठरवले. आणखी नवनवीन नावांची इंजेक्शनेही आता येत आहेत. त्यांविषयी कुत्र्यांवरचा पुरेसा पुरावा हाती येईपर्यंत मी गोदाला त्यांच्या वाटेला नेणार नाही.

या सगळ्यांहून स्वस्त आणि पक्का पुरावा असलेला उपाय मात्र कुणालाच आवडत नाही. तो म्हणजे वजन. एका नामांकित अभ्यासात ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणे दिले आणि सर्वांना आयुष्यभर पाहिले. २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, भरपूर खाणाऱ्यांचे ११.२. संधिवातावर औषध सुरू करण्याची वेळही कमी खाणाऱ्यांवर बरीच उशिरा आली. २०१० मधल्या दुसऱ्या अभ्यासात संधिवात असलेल्या स्थूल कुत्र्यांचे वजन सुमारे ६ टक्क्यांनी उतरताच लंगडण्यात लक्षणीय फरक दिसला. म्हणजे ३५ किलोच्या लॅब्रॅडॉरचे दोन किलो! आपल्याकडे गुटगुटीत लॅब्रॅडॉर पाहून लोक कौतुकाने ‘खात्यापित्या घरचा दिसतो’ म्हणतात. आमच्या घरी आईची तक्रार ठरलेली असे: “अगं, एका बिस्किटाने काय होतंय तिला? कशी बघतेय बघ.” त्यावर वाद घालण्यापेक्षा मी गोदाचे दिवसाचे खाणे सकाळीच तोलून एका डब्यात काढून ठेवू लागले आणि आईला सांगितले की लाड या डब्यातूनच करायचे. तेव्हापासून आईही खूश आणि गोदाचे वजनही उतरणीला लागले.

मोठ्या जातीचे पिल्लू घरी असलेल्यांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगते. हाडे मजबूत व्हावीत म्हणून पिल्लांना कॅल्शियमचे सिरप पाजण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पिल्लांच्या संतुलित खाद्यात कॅल्शियम पुरेसे असते, आणि मोठ्या जातीच्या लहान पिल्लांचे आतडे जादा कॅल्शियम अडवू शकत नाही. त्यातून हाडांची आणि सांध्यांची वाढच बिघडू शकते. डॉक्टरांनी रक्त आणि आहार पाहून सांगितले असेल तरच ते द्यावे.

घरातल्या चकचकीत फरश्यांचाही विचार करावा लागला. दुखऱ्या कोपराचे कुत्रे घसरू नये म्हणून पाय फाकवून उभे राहते आणि त्याने सांध्यावर नको तो ताण येतो. पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत आम्ही खाली रबर असलेल्या चटया टाकल्या, नखे वेळेवर कापू लागलो आणि तळव्यांमधले केसही काढू लागलो. जिने चढ-उतार करताना छातीखालून पट्टा घेऊन तिला आधार देतो. पाण्यातला व्यायाम तिला फार मानवतो. जेथे पाण्यातली ट्रेडमिल उपलब्ध असेल तेथे ती जरूर वापरावी. गोदावरीत पोहायला सोडणे मात्र आम्ही टाळतो, कारण घाटाच्या निसरड्या पायऱ्यांवर एकदा पाय सटकला तर सगळे मुसळ केरात.

आता पुढच्या इंजेक्शनाचा निर्णय घ्यायचा आहे. डॉक्टरांचे म्हणणे आहे की घसरण सौम्य आहे, तेव्हा वजन आणखी उतरवून, वेदनाशामकाची कमीत कमी मात्रा ठेवून थंडीतली चाल पाहावी, आणि गरज वाटली तर पुन्हा रक्त व गोचीडतापाची तपासणी करून पीआरपी द्यावे. मला ते पटले आहे. या महिन्याची चित्रणे कालच तारखा काढून त्या परिचित पशुवैद्यांकडे रवाना केली. त्यांचे गुण आले की तारीख ठरेल.